टोपल्यातला आवाज

मावशीच्या घरी मी सगळ्यात आधी शिकले ते पिठाच्या डब्याचा आवाज ओळखायला. भरलेल्या डब्याचं झाकण दबकं वाजतं, अर्ध्या डब्याचं जरा मोकळं, आणि पीठ तळाला गेलं असेल तर झाकण काढताना घरभर घुमतं. सकाळी वाकळीत पडल्या पडल्या मी तो आवाज ऐकायची आणि आज आपण किती खायचं ते ठरवायची. मला कमी खा असं कुणी कधी म्हटलं नाही. उलट मावशी येसराच्या आमटीत भाकरी कुस्करून ताट माझ्यापुढं सरकवायची आणि म्हणायची, "खा गं इमल, तोंडाकडं काय बघतीस माझ्या." पण मी बघायचीच. दुसऱ्याच्या घरात वाढणारं माणूस आधी तोंडाकडं बघतं, मग ताटाकडं.

आमचं घर शिरूर कासारकडचं. आईबाप दरसाल कोयता घेऊन कारखान्यावर जायचे. त्या दुष्काळात विहिरीचा तळ दिसायला लागला तेव्हा त्यांनी धाकट्याला बरोबर नेलं आणि मला शाळेतून काढून मावशीकडं ठेवलं. मावशी म्हणजे आईची चुलतबहीण. दोन एस्ट्या बदलून आम्ही तिच्या फाट्यावर उतरलो, आई "थोडे दिवस राहा" म्हणाली आणि त्याच एस्टीनं पुढं गेली. थोडे दिवस म्हणजे किती, ते विचारायचं माझ्या ध्यानात आलं नाही. नंतर विचारायची भीती वाटायला लागली. विचारलं तर यांना वाटेल पोरगी कंटाळली, आणि पाठवून देतील. पाठवणार तरी कुठं, आमच्या घराला तर कुलूप.

फाटा घाटाच्या पायथ्याला होता. वर चढून गेलं की अंबाजोगाई, तिथलं मोठं सरकारी हॉस्पिटल, कॉलेजं, दिव्यांचे खांब. खाली आम्ही: चार दुकानं, दूध सोसायटीची पत्र्याची खोली, एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली काकांचं गॅरेज. काका म्हणजे मावशीचे यजमान, हणमंतकाका. उंच, वाकलेले, बोटांच्या रेषांत कायमचं काळं ऑइल. त्या वर्षी फाट्यावर सकाळपासून एकच आवाज असायचा, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांच्या हातोड्यांचा. शेकडो हातोडे, एकाचा ताल दुसऱ्याला नाही. दुपारी सुकडी वाटायच्या वेळेला तो आवाज एकदम थांबायचा. आवाज असला की मी भ्यायची, थांबला की जास्त. अजूनही तसंच आहे. आता मी बडोद्याला मुलाकडं राहते, सातव्या मजल्यावर, आणि कपडे धुवायचं मशीन मधेच गप्प झालं की हातातलं टाकून उठते. सून हसते. हसू दे.

मावशीला दिवस गेले होते. याआधी दोनदा गेले होते, आणि दोन्ही वेळा बाळ आलं ते न रडताच. हे मला मावशीनं सांगितलं नाही. दुकानातल्या बाईनं पुडी बांधता बांधता सांगितलं. एकदा मात्र जात्यावर बसलेली असताना मावशी आपण होऊन म्हणाली, "कळा दुखत न्हाईत गं एवढ्या. नंतर खोलीत जे गप्प गप्प होतंय ना, ते दुखतंय." वरच्या हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी तिला बजावून ठेवलं होतं की या खेपेला घरी थांबायचं नाही, पोटात जरा काही वाटलं की वर यायचं. म्हणून काकांनी दूध सोसायटीच्या फटफटीवाल्याशी बोलून ठेवलं होतं. एस्टीचा काही नेम नव्हता, बैलं सगळी छावणीत. फटफटी मात्र रोज सकाळी घाट चढायची.

आता काकांच्या कानांचं सांगते. काकांना गाडी तपासताना एक सवय होती. लाकडी मुठीचा लांब पेचकस घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, आणि मूठ दातांत धरून डोळे मिटायचे. बाकीचे मिस्तरी मूठ कानाला लावतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. कुणी विचारलं तर काका म्हणायचे, "कानात धूळ जाती." लोकांना ते मिस्तरीचं कसब वाटायचं. मला पहिल्या महिन्यातच कळलं की मी मागून हाक मारली तर काका वळत नाहीत. भाकरी घेऊन गेले तर मी आधी त्यांच्या पुढ्यात जायची, नजर पडू द्यायची आणि मग बोलायची. सोसायटीच्या फटफटीचं काम धरण्याआधी ते बरीच वर्षं डिझेल इंजिनं बसवायच्या कामावर होते, तिथंच कान गेले असणार. मावशीला ठाऊक होतं का? असणारच. पण आमच्या घरात त्यावर कुणी एक अक्षर बोलत नव्हतं. बहिऱ्या मिस्तरीकडं गाडी कोण आणणार? सोसायटीचं काम सुटलं की पिठाच्या डब्याचं झाकण रोजच घुमणार, एवढा हिशोब मलाही येत होता.

त्यामुळं मी आपोआप काकांच्या आसपास घुटमळायला लागले. गाडी आली की पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहायची आणि काकांची नजर वर आली की हळूच म्हणायची, "मागून काईतरी खडखडतंय, न्हाई का?" काका "हां" म्हणायचे आणि मागं बघायचे. मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, ते त्या दिवसापर्यंत मला कळलं नव्हतं.

सोसायटीच्या फटफटीला डाव्या बाजूला साइडकार होती. फाट्यावर तिला सगळे टोपलं म्हणायचे. बसायची गादी काढून टाकलेली, त्या जागी दुधाचे दोन मोठे कॅन. चालवायला बाबूभाई. पान खाऊन लाल तोंड, सगळ्यांशी चेष्टा. गावोगावचं दूध गोळा करून तो घाटावरच्या केंद्रात पोचवायचा. दुष्काळात दूध आटलं, पण त्याचं ओझं कमी झालं नाही, उलट वाढलं. आधी कॅन रिकामे खाली यायचे, आता वरच्या केंद्राच्या विहिरीचं पाणी भरून यायचे, फाट्याला प्यायला. उन्हात दूध नासू नये म्हणून कॅनांना गोणपाट गुंडाळलेलं असायचं आणि ते ओलं ठेवावं लागायचं. चांगलं पाणी गोणपाटावर ओतलं असतं तर बायांनी बाबूभाईला हाणलं असतं. म्हणून तो कॅन विसळलेलं आंबूस पाणी जपून ठेवायचा आणि ते शिंपडायचा. टोपल्याला फटफटीशी जोडणारे तीन लोखंडी दांडे होते. त्यातल्या मागच्या खालच्या दांड्यालाही त्यानं गोणपाट गुंडाळून तारेनं आवळलं होतं, कॅन आपटून त्याला पोचा पडू नये म्हणून. तेही ओलं व्हायचं. दूध टिकत होतं, पाण्याची चैन होत नव्हती. सगळे म्हणायचे, बाबूभाईचं डोकं चालतं.

त्या टोपल्यातून आवाज यायला लागला. कर्र करून सुरू व्हायचा आणि टक् करून थांबायचा. कधी यायचा, कधी नाही. फाट्यावर ज्याला त्याला कारण ठाऊक होतं. चहावाला म्हणाला, चाकात खडा अडकलाय. सोसायटीचे सेक्रेटरी दत्तूभाऊ म्हणाले, बेअरिंग गेलं. एका म्हातारीनं घाटातल्या वळणावर मागं झालेल्या अपघाताचं नाव काढलं आणि टोपल्याला लिंबू बांधून गेली. बाबूभाई म्हणाला, "हणमंतराव, इसको भूक लगी है बे. माझ्यासारखीच. रेशनची मिलो ज्वारी खाऊन खाऊन पोट वाजतंय तिचं."

काकांनी चाक काढलं, बेअरिंग बदललं, ग्रीस भरलं, बोल्ट आवळले. मग मला म्हणाले, "बस गं टोपल्यात. एक चक्कर मारू." आणि माझ्याकडं न बघता पुढं म्हणाले, "वाजलं तर हात वर कर." मी कॅनच्या जागी उकिडवी बसले. टोपल्यात बसलं की जमीन हाताच्या अंतरावर पळते आणि आपल्या हातात काहीच नसतं, ना हँडल, ना ब्रेक. घाटाच्या तिसऱ्या वळणापर्यंत आम्ही गेलो. भीतीनं माझे डोळे मिटलेले, कान मात्र टक्क उघडे. डावीकडं वळताना टोपलं उचलल्यासारखं व्हायचं आणि पाठीमागून कर्र-टक् यायचं. उजवीकडं वळताना ते खाली दाबलं जायचं आणि गप्प बसायचं. मी डाव्या वळणाला हात वर केला. परत आल्यावर काकांनी बोल्ट पुन्हा आवळले, भरलेले दोन कॅन ठेवून बाबूभाईला वर पाठवलं. तो आला आणि म्हणाला, "एकदम चूप. मिस्तरी, मान गये." काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलवली, कारण भरल्या टोपल्यातून मलाही काही ऐकू आलं नव्हतं. तरी माझ्या मनातून ते जाईना. बरं झालेलं माणूस कण्हायचं थांबतं, आणि तोंड दाबून धरलेलंही थांबतं. हे तेव्हा मला शब्दात सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मावशी चुलीपुढून उठली ती भिंत धरूनच. परातीत लाल मिलोची भाकरी अर्धी थापलेली. "इमल," ती म्हणाली, "काकाला बोलीव. पळू नकोस, लोक बघतेत." मी पळालेच.

बाबूभाई दूध घेऊन नुकताच आला होता. दत्तूभाऊ मापं घेत होते, आठ-दहा माणसं चरव्या घेऊन उभी. कॅन भराभर उतरवले. टोपल्यात वाकळ अंथरली, मावशीला बसवलं. काका मागच्या सीटवर बसले. मला म्हणाले, "घर बघ." बाबूभाईनं किक मारली. मावशीला कळ आली आणि ती एका अंगावर कलली. तेवढ्यात मला आवाज आला. टक् नाही, कर्र नाही. बारीक, कोरडा. मिलोची भाकरी काठाला चिरत जाते तेव्हा येतो तसा. तो चाकातून नव्हता, बोल्टातून नव्हता, मागच्या गोणपाटाखालून होता.

मी फटफटीच्या पुढं जाऊन उभी राहिले. पुढं घाट होता, घाटात ते डावं वळण, आणि टोपल्यात मावशी. तोंड उघडावं तर समोर सोसायटी उभी. ज्या माणसानं मला खायला घातलं त्याला चार लोकांत मी काय सांगणार होते? तुम्हाला ऐकू येत नाही, मला येतं, हे?

"काका, आवाज येतोय," मी म्हणाले.

काका माझ्या ओठांकडं बघत होते. "न्हाई. मी केलंय ते. कायबी आवाज न्हाई."

"अगं सरक बेटा," बाबूभाई म्हणाला. "टाइम है क्या ये?"

"थांब बे बाबू." दत्तूभाऊ मापं ठेवून मागून जवळ आले. "हणमंतराव, पोरगी म्हंती हाय, तुमी म्हंता न्हाई. या फटफटीच्या धडधडीत मला तर काईच ऐकू येईना. तुमाला नक्की ऐकू आलं का न्हाई?"

काका माझ्याच ओठांकडं बघत राहिले. दत्तूभाऊ त्यांच्या पाठीमागं उभे होते. काकांना ते बोललेत हेच कळलं नव्हतं. चरव्या घेतलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मला रडू आलं. रडत रडतच मी लिंबाखाली गेले, तो लांब पेचकस घेतला आणि परत येऊन काकांपुढं धरला. टोक माझ्या हातात, मूठ त्यांच्या तोंडाकडं. कानाकडं नाही, तोंडाकडं.

काकांनी मुठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तेवढ्या वेळात आमचं सगळं बोलून झालं. मला वाटलं आता हा माणूस मला मारेल, किंवा आजच एस्टीत बसवून देईल. ते खाली उतरले. बाबूभाईला हातानं इंजिन बंद करायची खूण केली. सगळ्यांच्या देखत गुडघ्यावर बसून पेचकसाचं टोक पहिल्या दांड्याला टेकवलं, मूठ दातांत धरली आणि बोट हलवून मला सांगितलं, टोपलं हलव. मी हलवलं. मावशी आतून काकांच्या तोंडाकडं बघत होती, ओठ घट्ट मिटून. पहिला दांडा. दुसरा. तिसऱ्यावरचं गोणपाट बाजूला सारून त्यांनी टोक घातलं, आणि त्यांचा चेहरा एकदम पडला.

"उतरीव तिला," काका म्हणाले. पेचकस अजून दातांत होता.

मी आणि चहावाल्याच्या बायकोनं मावशीला धरून उतरवलं. काकांनी तार कापली. गोणपाट सोलून काढलं तर खालून गंजाचे पापुद्रे पडले, लाल, मिलोच्या कण्यांसारखे. दांडा जवळजवळ सगळीकडून चिरला होता. वजन पडलं की चीर मिटायची म्हणून तो गप्प असायचा, आणि हलकं झालं की उघडून वाजायचा. काकांनी त्यावर पाय ठेवला, फार जोर न लावता. दांडा काकडी मोडावी तसा मोडला आणि टोपलं एका अंगाला कोसळलं.

बाबूभाई पान थुंकायचं विसरला. "मी रोज पाणी मारत हुतो बे त्याच्यावर," तो म्हणाला. "माझ्या हातानं. दूध नासू ने म्हणून." मग तो तिथंच धुळीत बसला. त्याच दांड्याच्या भरवशावर तो रोज घाट उतरला होता. त्याला कुणी काही बोललं नाही. दूध आमचंही टिकत होतं, पाणी आम्हीही पीत होतो.

मिलोची पोती घेऊन एक ट्रक घाटाकडं निघाला होता. दत्तूभाऊ हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मावशीला केबिनमध्ये बसवलं. काकांनी मला बखोटीला धरून मागं पोत्यांवर चढवलं आणि स्वतःही चढले. घर बघ म्हणाले होते ते विसरले असतील, किंवा नसतील. ट्रक हलताना दत्तूभाऊ फळीशी आले, काकांच्या समोर चेहरा नेला आणि सावकाश, एकेक शब्द सोडवत म्हणाले, "हणमंतराव, दातांना लई चांगलं ऐकू येतंय की तुमच्या. दांडा नवा करून घेऊ. अन् गाडी आली की पोरीला बसवत जावा टोपल्यात."

काकांनी मान डोलवली. काकांचं काम टिकलं, हे मला पहिलं वळण गेल्यावर कळलं. पण तेव्हा त्यात मन नव्हतं. पोत्यांवर बसून आम्ही दोघं केबिनच्या पत्र्याकडं बघत होतो. पत्र्यापलीकडं मावशी होती आणि तिचा काहीच आवाज येत नव्हता. डाव्या वळणाला दरी दिसली. काकांनी माझा हात धरला, तो वर पोचेपर्यंत सोडला नाही. ऑइलचा वास आजही माझ्या त्या हाताला येतो असं मला वाटतं. म्हातारपणी असलं काहीबाही वाटतंच.

हॉस्पिटलात मावशीला आत नेलं आणि दार लावून घेतलं. हिरवा रंग दिलेलं लाकडी दार. व्हरांड्यात माणसांची दाटी, कुणी डबे उघडलेले, कुणी भिंतीला टेकून पेंगत होतं. उन्ह व्हरांड्यातून सरकत कठड्यावर गेलं. आतून नर्सबाईंचं बोलणं, मग भांड्याचा आवाज, मग मावशीचं ओरडणं. मग ते थांबलं.

थांबलं ते थांबलंच. खोलीत जे गप्प गप्प होतं, असं मावशी म्हणाली होती, ते हेच. मी दाराला कान लावून उभी होते आणि मनात सगळ्या देवांची नावं घेत होते, आमच्या गावच्या भैरोबापासून. काका मात्र दाराकडं बघत नव्हते. दाराचा त्यांना काय उपयोग? ते माझ्यापुढं उभे राहून माझ्या तोंडाकडं बघत होते, जशी मी ताट पुढं आलं की मावशीच्या तोंडाकडं बघायची.

आणि मग तो आवाज आला. माझ्या तोंडावर काहीतरी उमटलं असणार, कारण काका खाली वाकले.

"रडलं का गं?" त्यांनी विचारलं. आजवर त्यांनी मला कधी असं विचारलं नव्हतं. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली, एवढ्या मोठ्यानं विचारलं.

मी मान डोलवली.

"कसा हाय आवाज?"

मी पुन्हा दाराला कान लावला. नीट, अगदी शेवटपर्यंत ऐकलं. चुकून चालणार नव्हतं. मग त्यांच्या पुढ्यात उभी राहून, ओठ दिसतील अशी, सावकाश म्हणाले, "दमदार हाय, काका. एकसारखा. मधी कुठंच अडकत न्हाई."